साथीचा रोग, वृद्ध माणसे आणि भेटीचा हक्क

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी निवडलेला विषय थोडा वेगळा आहे. साथीच्या रोगाच्या काळात संस्थेत राहणाऱ्या वृद्ध माणसाला त्याच्या घरच्यांनी भेटावे की नाही, आणि हे ठरविण्याचा अधिकार नेमका कोणाचा, असा तो प्रश्न आहे. आपल्यापैकी काहींना वाटेल की हा तर अमेरिका-इंग्लंडमधला प्रश्न, आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो मी पुढे सांगणार आहे. परंतु ज्या देशांत हा प्रश्न प्रथम तीव्रतेने उभा राहिला, त्यांचा अनुभव आधी नीट समजून घेतला पाहिजे.

प्रारंभी एका शब्दाचा खुलासा करतो. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की बाळंतपणाचे किंवा लहान शस्त्रक्रियांचे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. १९४९ चा आपला मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायदा हा अशाच रुग्णालयांसाठी आहे. अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे जेथे वृद्ध व अपंग माणसे कायमची राहतात, जेथे त्यांना आंघोळ घालणे, भरविणे, औषध देणे ही कामे पगारी कर्मचारी करतात, ती जागा. इंग्लंडमध्ये तिलाच केअर होम म्हणतात. तेथे राहणाऱ्याला 'रुग्ण' न म्हणता 'रहिवासी' म्हणतात. हा शब्दांचा खेळ नाही. रुग्णालय ही चार दिवसांची जागा असते, पण रहिवाशाचे ते घर असते. एकट्या अमेरिकेत अशी सुमारे १५ हजार नर्सिंग होम असून त्यांत १२ ते १३ लाख माणसे राहतात.

आता २०२० सालाकडे वळू. फेब्रुवारीच्या अखेरीस अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील कर्कलँड या गावी एका नर्सिंग होममध्ये कोरोनाची साथ आढळली. १८ मार्चपर्यंत या एका ठिकाणाशी संबंधित १६७ रुग्ण सापडले. त्यांत १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटीस आलेली माणसे होती. रहिवाशांपैकी दर तिघांतील एकाचा त्या तारखेपर्यंतच मृत्यू झाला होता. घरची माणसे इमारतीच्या बाहेर उभी राहून खिडकीच्या काचेतून आत पाहत असल्याची छायाचित्रे जगभरच्या वर्तमानपत्रांत त्या दिवसांत छापून आली.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या साथीला जागतिक महामारी म्हटले. दोनच दिवसांनी, १३ मार्च रोजी, अमेरिकेतील नर्सिंग होमवर देखरेख करणाऱ्या संघराज्याच्या खात्याने सर्व भेटी बंद करण्याचे निर्देश दिले. अपवाद एकच ठेवला, तो अखेरच्या घटकेसारख्या करुणाजनक प्रसंगाचा. इंग्लंड, नेदरलँड्स, कॅनडा येथेही त्याच महिन्यात दारे बंद झाली.

मित्रहो, त्या दिवसांतील या निर्णयाला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. लस नव्हती. तपासणीची साधने अपुरी होती. मास्कचा तुटवडा होता. आणि हा रोग लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही पसरतो हे हळूहळू उमगत होते. वॉशिंग्टन राज्यातीलच दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये सरसकट तपासणी केली, तेव्हा ४८ रहिवासी बाधित निघाले आणि त्यांपैकी २७ जणांना त्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते. जेथे ऐंशी-नव्वद वर्षांची माणसे एका छपराखाली राहतात, तेथे रोग शिरला म्हणजे काय होते, हे आकडेच सांगतात. २०२२ च्या प्रारंभापर्यंत अमेरिकेत अशा दीर्घकालीन निगा संस्थांमधील दोन लाखांहून अधिक रहिवासी व कर्मचारी या रोगाने दगावले. कॅनडात तर पहिल्या लाटेतील दर पाच मृत्यूंपैकी चार अशा संस्थांत झाले. तेव्हा प्रथम दार लावून घेणे ही कृती समजण्यासारखी होती.

प्रश्न पुढे निर्माण झाला. आठवड्यांचे महिने झाले. आपत्तीत घाईने लावलेले दार आपत्तीचे स्वरूप कळल्यानंतरही उघडले गेले नाही.

अमेरिकेत १७ सप्टेंबर २०२० रोजी नवे मार्गदर्शन आले. मोकळ्या जागेत भेटी घ्याव्यात, सलग चौदा दिवस नवा रुग्ण नसेल तर आतही भेट द्यावी, असे त्यात सांगितले. करुणाजनक प्रसंग म्हणजे केवळ मरणशय्या नव्हे, हेही तेव्हा स्पष्ट करावे लागले. ज्याने जेवण सोडले आहे, जो एकाएकी अबोल झाला आहे, ज्याचा जोडीदार नुकताच वारला आहे, अशांनाही भेट मिळाली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. मार्च २०२१ मध्ये बहुतेक परिस्थितीत आत भेटी देण्यास सांगितले गेले. आणि सर्व रहिवाशांना सर्व वेळी भेट घेता येईल, असा आदेश निघाला तो १२ नोव्हेंबर २०२१ रोजी. पहिल्या आदेशापासून मोजले तर हे वीस महिने होतात.

वीस महिने हा काळ तरुण माणसाला लांब वाटत नाही. विद्यार्थी मित्रांनो, तुमचे दीड वर्षाचे नुकसान तुम्ही पुढे भरून काढू शकता. पण जेथे माणूस आयुष्याच्या संध्याकाळी येतो तेथे काळाचे माप निराळे असते. अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये मृत्यू पावलेल्या वृद्धांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला होता. त्यांतील निम्म्या माणसांचा तेथील मुक्काम पाच महिने किंवा त्याहून कमी होता, असे त्यात आढळले. ज्याच्याजवळ पाचच महिने आहेत, त्याला वीस महिने थांबण्यास सांगणे याचा अर्थ काय होतो? अनेकांच्या बाबतीत त्याचा अर्थ असा झाला की शेवटची भेट केव्हा होऊन गेली, हे त्यांना कळलेही नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. भेट म्हणजे केवळ गप्पा, फळे आणि विचारपूस एवढेच नाही. अशा संस्थांत नियमित येणारी मुलगी किंवा नवरा प्रत्यक्ष सेवेचा मोठा भाग उचलीत असतो. तो घास घासून भरवितो, कानातले श्रवणयंत्र नीट बसवितो, पाठीला जखम होत आहे का हे पाहतो, नेहमीपेक्षा आज आई गप्प आहे हे तोच ओळखतो. कर्मचाऱ्याकडे दहा-बारा माणसे असतात, त्याच्याकडे एक असते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घड्याळ समजत नाही, टॅब्लेटच्या पडद्यावरचा चेहरा ओळखता येत नाही, पण हाताचा स्पर्श ओळखता येतो. शिवाय अशा आजारात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी विसरली जाते व बालपणीची भाषा मागे राहते. परदेशी मुलांजवळ जाऊन राहिलेल्या, आयुष्यभर मराठी बोललेल्या एखाद्या आजीबाईंची कल्पना करा. त्या केअर होममध्ये 'पाणी' म्हणतात, ते समजणारी एकच व्यक्ती असते, आणि तीच दाराबाहेर असते.

याचे परिणाम झाले नाहीत असे नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या नर्सिंग होममधील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा साथीच्या पहिल्या महिन्यांत रहिवाशांमध्ये उदासीनतेची लक्षणे वाढली आणि वजन लक्षणीय घटण्याचे प्रमाणही वाढले, असे दिसून आले. या सर्वांचे कारण केवळ भेटबंदी होते, असे म्हणता येणार नाही. रोग स्वतः, कर्मचाऱ्यांची टंचाई, एकाच खोलीत कोंडून राहणे, ही कारणेही होती. पण एकटेपणाचा त्यात मोठा वाटा होता, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. रोग आत कसा शिरला? कर्कलँड परिसरातील नर्सिंग होमची पाहणी करणाऱ्या सरकारी आरोग्य तज्ज्ञांनी जी कारणे दिली, ती अभ्यासण्यासारखी आहेत. कर्मचारी आजारी असतानाही कामावर येत होते. एकच कर्मचारी दोन-तीन ठिकाणी काम करीत होता. संरक्षक साधने पुरेशी नव्हती व ती कशी वापरावी याचे शिक्षण कमी पडत होते. लक्षणे ओळखण्यात उशीर झाला. म्हणजे रोगाचा मोठा रस्ता त्यांच्या पायांखालून जात होता, ज्यांना यावेच लागत होते. याचा दोष मी त्या कर्मचाऱ्यांना देत नाही. कमी पगारात, जीव धोक्यात घालून त्यांनी सेवा केली, आणि आजारपणाची भरपगारी रजा नसेल तर आजारी माणूस कामावर येणारच. दोष व्यवस्थेचा आहे.

इंग्लंडचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे मार्च २०२० मध्ये घरच्या माणसांना केअर होमची दारे बंद झाली, आणि त्याच सुमारास रुग्णालयांत खाटा मोकळ्या व्हाव्यात म्हणून वृद्ध रुग्णांना तपासणी न करता केअर होममध्ये पाठविण्याचे धोरण सरकारने राबविले. २७ एप्रिल २०२२ रोजी तेथील उच्च न्यायालयाने हे धोरण बेकायदेशीर ठरविले. लक्षणे नसलेल्या माणसाकडून रोग पसरण्याचा धोका सरकारने विचारात घेतला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. एका बाजूने मुलीला दारात अडविले आणि दुसऱ्या बाजूने रोगाला आत येऊ दिले, असे हे चित्र होते.

यातून जो युक्तिवाद पुढे आला तो मला बिनतोड वाटतो. जो कर्मचारी रोज बसने येतो, घरी मुलाबाळांत राहतो, तो मास्क घालून व तपासणी करून आत जाऊ शकतो. मग प्रत्येक रहिवाशामागे एक ठरलेली घरची व्यक्ती, तोच मास्क घालून, तीच तपासणी करून, तेच नियम पाळून आत गेली, तर तिच्यामुळे वेगळा असा कोणता धोका निर्माण होतो? तिला 'पाहुणा' न मानता 'सेवेतील भागीदार' मानावे, हा विचार अनेक ठिकाणी एकाच वेळी पुढे आला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने जुलै २०२० मध्येच अशा 'आवश्यक काळजीवाहकां'ची सोय सुचविली. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रत्येक रहिवाशाला असे दोन काळजीवाहक नेमण्यास मुभा दिली.

नेदरलँड्सने तर हे करून पाहिले. मार्चमध्ये त्यांनी सर्व भेटी बंद केल्या होत्या. मे २०२० मध्ये २६ नर्सिंग होम निवडून तेथे नियम घालून भेटी सुरू केल्या आणि संशोधकांनी त्यांवर लक्ष ठेवले. पाहणीच्या त्या मुदतीत या ठिकाणी एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही. नियम बऱ्यापैकी पाळले गेले, आणि रहिवासी, घरचे व कर्मचारी या तिघांनाही त्याचे समाधान वाटले. मुदत थोडी होती व त्या वेळी देशात साथ ओसरत होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही दार पूर्ण बंद आणि दार सताड उघडे यांच्यामध्ये तिसरा मार्ग आहे, एवढे त्याने सिद्ध केले. साथीसाठी केलेला तात्पुरता कायदा त्या देशात डिसेंबर २०२० मध्ये अमलात आला, तेव्हा किमान एका निकटच्या व्यक्तीला भेट मिळाली पाहिजे, अशी तरतूद त्यात ठेवण्यात आली.

आता हक्काविषयी. हा हक्क कागदावर नव्हता असे समजू नका. अमेरिकेत १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्याने रहिवाशाला आपल्या पसंतीच्या माणसांना भेटण्याचा हक्क दिलेला होता. ब्रिटनमध्ये १९९८ च्या मानवी हक्क कायद्याने कौटुंबिक जीवनाच्या आदराचा हक्क मान्य केलेला होता. हक्क होते, परंतु संकट येताच ते एका परिपत्रकापुढे टिकले नाहीत. इंग्लंडमध्ये सरकारने मार्गदर्शन सैल केल्यानंतरही काही केअर होम सर्वांना एकच सरसकट बंदी लावीत राहिली, कारण मार्गदर्शन म्हणजे कायदा नव्हे. तेथील संसदेच्या मानवी हक्कविषयक संयुक्त समितीने मे २०२१ मध्ये, यासाठी कायद्याचेच बंधन हवे, अशी शिफारस केली.

याचा धडा घेऊन पुढे कायदे झाले. टेक्सास राज्यात २ नोव्हेंबर २०२१ रोजी मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून, नेमलेल्या एका काळजीवाहकाची प्रत्यक्ष भेट नाकारता येणार नाही, असे ठरविले. सुमारे ८८ टक्के मते बाजूने पडली. फ्लॉरिडाने एप्रिल २०२२ मध्ये कायदा केला. ऑन्टारिओच्या नव्या कायद्यात काळजीवाहकाचा आधार मिळणे हा रहिवाशाचा हक्क म्हणून लिहिला गेला. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून केअर होम, रुग्णालय व हॉस्पिस यांना असा नियम लागू झाला की, अपवादात्मक परिस्थिती सोडून भेटीची सोय करून देणे हे त्यांचे कर्तव्य आहे. स्कॉटलंडच्या संसदेने जून २०२५ मध्ये असाच कायदा मंजूर केला. बंधूंनो, यांतील बहुतेक कायद्यांमागे मोठे पुढारी नव्हते. खिडकीबाहेर उभी राहिलेली मुले-मुली, नातवंडे एकत्र आली, त्यांनी सह्या गोळा केल्या, निवेदने दिली, समित्यांसमोर साक्षी दिल्या. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपल्याला कोणी निराळे सांगण्याची गरज नाही. तेथील लोकांनीही हाच मार्ग धरला.

परंतु दुसरी बाजू ऐकल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. कोणी विचारील, तुमच्या आईला भेटण्याच्या हक्कापायी शेजारच्या खाटेवरील माणसाचा जीव धोक्यात का घालावा? प्रश्न रास्त आहे. कर्कलँडच्या त्या यादीत १६ भेटीस आलेली माणसेही होती, हे मी प्रारंभी सांगितले. जगण्याचा हक्क सर्वांत मोठा, यात शंका नाही. म्हणून भेटीच्या हक्काला मर्यादा घालता येते. पण मर्यादा घालण्याचीही एक रीत असते. ती आवश्यक तेवढीच असावी. तिला मुदत असावी. तिचे कारण लेखी द्यावे. आणि ती माणूस पाहून घालावी. जो मृत्युपंथाला लागला आहे आणि जो धडधाकट आहे, या दोघांना एकच नियम लावणे म्हणजे समानता नव्हे.

दुसरी शंका अशी की, नातेवाईक सगळेच प्रेमाने येतात का? काही पेन्शनच्या पुस्तकासाठी येतात, काही मिळकतीच्या कागदावर अंगठा उठविण्यासाठी येतात. हेही खरे आहे. म्हणूनच हा हक्क नातेवाइकांचा नसून त्या वृद्ध माणसाचा आहे, हे पक्के लक्षात ठेवले पाहिजे. अमेरिकेच्या नियमांत जवळच्या नातलगाला तत्काळ प्रवेश आहे, परंतु रहिवाशाने नको म्हटले तर नाही. कोणाला बोलवायचे आणि कोणाला नाही, हे त्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. वय झाले म्हणजे माणसाचे मत संपले, असे होत नाही.

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याला कोणीच नाही त्याचे काय? येथे आपल्या परंपरेतील एक प्रसंग आठवतो. विनयपिटकात सांगितले आहे की, पोटाच्या विकाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कोणीच पाहत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला घेऊन स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि मग भिक्खूंना समज दिली की, येथे तुम्हाला आई नाही, वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? याचा अर्थ स्पष्ट आहे. सेवेचे नाते रक्ताचेच असले पाहिजे असे नाही. भेटीला येणारी 'आपली व्यक्ती' म्हणजे मुलगाच असे नव्हे, ती शेजारीण असेल, जुना सहकारी असेल, आपल्यासारख्या संस्थेचा सभासद असेल.

आता आपल्याकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरील माणसे १० कोटींहून अधिक होती, आणि ती संख्या वाढत आहे. मुले पुण्या-मुंबईला, परदेशी जातात, दोन खोल्यांच्या घरात आजारी म्हाताऱ्याची सोय होत नाही, म्हणून वृद्धाश्रम वाढत आहेत. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याण कायद्यात, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० माणसांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम राज्य शासनाने काढावा, असे म्हटले आहे. परंतु साथीच्या काळात तेथील माणसांच्या भेटीगाठींचे काय, हा विचार त्या कायद्यात नाही.

आणि कोविडच्या दिवसांत आपल्या रुग्णालयांत काय घडले ते आपण सर्व जाणतो. एरवी आपल्या सरकारी रुग्णालयात नातेवाईक हाच अर्धा परिचारक असतो. डबा तोच आणतो, रुग्णाला तोच उठवून बसवितो. २०२० मध्ये तो एका दिवसात बाहेर झाला आणि त्याच्या जागी दुसरा कोणी आला नाही. काही ठिकाणी रुग्णाजवळचा मोबाईलही काढून घेतला जात असे. अखेर २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय आरोग्य खात्याला राज्यांना पत्र पाठवून, रुग्णांना मोबाईल व टॅब्लेट वापरू द्यावेत, असे सांगावे लागले. एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी चार महिने गेले.

साथीच्या नावाखाली माणसांची ताटातूट हा आपल्या महाराष्ट्राला नवा अनुभवही नाही. १८९७ चा साथरोग कायदा, जो २०२० मध्येही वापरला गेला, तो मुंबई-पुण्याच्या प्लेगमधूनच जन्मला. त्या वेळी घरे तपासून माणसे छावणीत नेली जात, आणि त्यामुळे लोकांत किती असंतोष पसरला हे इतिहास सांगतो. त्याच वर्षी त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांची सेवा केली, आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात नेले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. प्रत्येकाने एवढा धोका पत्करावा असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्याजवळ मास्क नव्हता, तपासणी नव्हती, लस नव्हती. आज हे सर्व आहे. मग त्यांनी जे प्राण देऊन केले, ते आपल्याला काळजी घेऊन का करता येऊ नये?

म्हणून मी काही सूचना मांडतो. त्यांसाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या ओळखीच्या प्रत्येक वृद्धाश्रमाला संस्थेने भेट द्यावी आणि पुढील गोष्टी लेखी ठरवून घेण्यास सांगावे.

एक, प्रत्येक रहिवाशाला विचारून त्याची एक किंवा दोन माणसे आजच नोंदवावीत. साथ आल्यावर यादी करण्यास वेळ नसतो.

दोन, या माणसांना मास्क, हात धुणे, तपासणी यांचे शिक्षण कर्मचाऱ्यांबरोबरच द्यावे.

तीन, पूर्ण बंदी घालावी लागलीच तर ती ठराविक दिवसांची असावी, आणि ते दिवस संपताच तिचा फेरविचार व्हावा.

चार, अखेरच्या दिवसांत कोणत्याही परिस्थितीत एका माणसाला जवळ बसू द्यावे. फोन ही सोय आहे, फोन म्हणजे भेट नव्हे.

पाच, ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी आपल्या सभासदांनी नावे द्यावीत.

सहा, तक्रार ऐकण्यासाठी आश्रमाबाहेरची एक तटस्थ व्यक्ती असावी.

विद्यार्थी मित्रांनो, यांतील पाचव्या सूचनेत तुमचे काम आहे. महिन्यातून एक रविवार द्या. पत्र वाचून दाखवा, मोबाईल लावून द्या, नुसते बसा. ज्या म्हाताऱ्या माणसाला आज कोणी भेटत नाही, त्याचे दार साथीत बंद झाले काय आणि उघडे राहिले काय, त्याला काहीच फरक पडणार नाही, हे आपण विसरू नये.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आणीबाणी संपली की माणसे विसरतात, आणि विसरलेल्या गोष्टीचा कायदा होत नाही. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा या सभागृहातील काहीजण दाराच्या बाहेर असतील, आणि काहीजण, वयाचा हिशेब केला तर, दाराच्या आत असतील. तेव्हाचा नियम आपण कोणत्या बाजूला आहोत हे कळण्याच्या आधीच लिहून ठेवला, तर तो न्यायाचा होईल.